23 सप्टेंबर 1908, फ्रेड मर्कल आणि दुसरा बेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटवर वाढलेल्या मित्रांना मी ही गोष्ट बरेचदा सांगितली आहे. बेसबॉलचा गंध नसलेली माणसंही ती शेवटपर्यंत ऐकतात आणि मग ठरावीक प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि मला जमतील तेवढी नीट उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत मी लपवलेलं नाही. एकोणीस वर्षांच्या एका मुलावर तेव्हा अन्याय झाला, असं मला वाटतं.

थोडक्यात सांगा, त्या दिवशी झालं काय?

न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना होता. नववी, म्हणजे ठरलेली शेवटची इनिंग (इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन जण आउट झाले की पाळी संपते), धावा 1-1, न्यूयॉर्कची बॅटिंग आणि दोन जण आउट. बेस म्हणजे धावपटूचे थांबे: पहिला, दुसरा, तिसरा करत शेवटी होम प्लेटवर पोहोचलं की एक धाव. तिसऱ्या बेसवर मूस मॅकॉर्मिक, पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू सरळ मधल्या मैदानात मारला, मॅकॉर्मिकने होम प्लेट ओलांडली, प्रेक्षक मैदानात उतरले. सामना जिंकलाच होता. मर्कल दुसऱ्या बेसच्या दिशेने अर्ध्या वाटेवर होता. गर्दी येताना पाहून तो वळला आणि क्लबहाउसकडे पळाला. शिकागोच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि मर्कल आउट असल्याची दाद मागितली. ती मान्य झाली. धाव रद्द झाली, सामना बरोबरीत सुटला, आणि पुढे याच एका सामन्याने पूर्ण मोसमाचा निकाल फिरवला.

पेनंट म्हणजे नेमकं काय?

शब्दशः निमुळती पताका. तेव्हा नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग होत्या. प्रत्येकीत आठ संघ आणि प्रत्येक संघाचे 154 सामने. उपांत्य फेरी नाही, प्ले-ऑफ नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात जिंकलेल्या सामन्यांची टक्केवारी ज्याची सर्वांत वर, तो लीगचा विजेता. त्याच्या मैदानावर पताका फडकायची आणि तोच वर्ल्ड सीरीजमध्ये दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी खेळायचा. दुसऱ्या क्रमांकाला काहीही मिळत नसे. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एकेक सामना इतका जिवावरचा असे.

सामन्याआधी गुणतक्त्यात काय परिस्थिती होती?

न्यूयॉर्क, शिकागो आणि पिट्सबर्ग पायरेट्स तिघेही एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत होते. आदल्याच दिवशी शिकागोने याच मैदानावर न्यूयॉर्कला एका दिवसातल्या दोन सामन्यांत दोन्ही वेळा हरवलं होतं. न्यूयॉर्कची आघाडी आता टक्केवारीतल्या दशांशापुरती उरली होती.

पण धाव तर पूर्ण झाली होती. ती रद्द कशी झाली?

महाराष्ट्रात शाळेच्या स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे लगेच कळेल. बाकीच्यांसाठी क्रिकेटवरून सांगतो. शेवटचा चेंडू, जिंकायला एक धाव हवी. फलंदाजाने चेंडू मारला आणि तो पलीकडे पोहोचला. पण दुसऱ्या टोकाचा फलंदाज अर्ध्या वाटेतूनच हात उंचावत पॅव्हेलियनकडे पळाला. क्षेत्ररक्षकाने शांतपणे चेंडू आणून त्याच्या टोकाच्या बेल्स उडवल्या. ती धाव धरणार का? नाही.

बेसबॉलमध्ये बॅटरने चेंडू मारला की त्याला पहिल्या बेसवर जायचं असतं. तिथे आधीच कुणी असेल तर त्याला जागा रिकामी करून दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. त्याच्याआधी चेंडू दुसऱ्या बेसवर पोहोचला तर तो आउट. त्याच्या अंगाला चेंडू लावायचीही गरज नसते. आणि तिसरा आउट असा सक्तीने जाणाऱ्याचा असेल, तर त्या खेळीत कुणी होम प्लेट ओलांडली असली तरी धाव मोजत नाहीत. हा नियम 1908 मध्येही पुस्तकात अगदी स्पष्ट छापलेला होता.

मग मर्कलने बेसला पाय का लावला नाही? एवढं साधं काम होतं!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि याचंच उत्तर मी सर्वांत तळमळीने देतो.

पहिलं कारण म्हणजे त्या काळात तसं कुणीच करत नसे. विजयी धाव होम प्लेटवर पोहोचली की बाकीचे धावपटू आहेत तिथून घरी निघत आणि पंचही पाठ फिरवत. छापील नियम एक आणि मैदानातला रिवाज दुसरा, अशी स्थिती वर्षानुवर्षं होती. मर्कलच्या जागी संघातला कुठलाही ज्येष्ठ खेळाडू असता तरी बहुधा त्याने हेच केलं असतं.

दुसरं कारण मैदानाची रचना. पोलो ग्राउंड्सवर सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडायचे, आणि खेळाडूंचं क्लबहाउस आउटफील्डच्या पलीकडे होतं. शेवटचा फटका बसला की हजारो माणसं एका बाजूने आत येणार आणि खेळाडूंना त्यांच्या आधी दुसऱ्या टोकाला पोहोचायचं, अशी ती रोजची शर्यत होती. टोप्या आणि हातमोजे हिसकावले जाऊ नयेत म्हणून सगळेच धूम ठोकत.

तिसरं कारण मर्कल स्वतः. तो संघातल्या सर्वांत लहान खेळाडूंपैकी एक होता आणि त्या मोसमात प्रथमच सुरुवातीपासून खेळत होता. नेहमीचा पहिल्या बेसचा खेळाडू फ्रेड टेनी याची पाठ धरली म्हणून त्याला संधी मिळाली. टेनीचा त्या पूर्ण मोसमात एवढा एकच सामना चुकला.

आणि एक गोष्ट सांगायची लोक विसरतात. मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोहोचला होता तो मर्कलच्या फटक्यामुळेच. त्या नवख्या मुलाने नवव्या इनिंगमध्ये, दोन आउट असताना, दडपणाखाली चेंडू मारून सामना जिंकण्याच्या टोकावर आणून ठेवला होता. बातम्यांत उरली ती त्यानंतरची काही पावलं.

एव्हर्सला हे अचानक कसं सुचलं?

अचानक नव्हतंच. 4 सप्टेंबरला, म्हणजे तीन आठवडेही झाले नव्हते, पिट्सबर्गमध्ये हुबेहूब असाच प्रसंग घडला होता. शिकागोविरुद्ध दहावी इनिंग, बेस भरलेले, दोन आउट. चीफ विल्सनच्या फटक्यावर पिट्सबर्गची विजयी धाव आली आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला न शिवताच वळला. एव्हर्सने तेव्हाही चेंडू मागवून बेसवर पाय ठेवला होता. पंच हँक ओडे एकटेच होते. त्यांचं लक्ष होम प्लेटकडे असल्याने गिल काय करतो ते त्यांनी पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही त्यावर निर्णय देता येत नाही, म्हणून शिकागो 1-0 असं हरलं. तक्रार झाली, तीही फेटाळली गेली.

23 तारखेला पोलो ग्राउंड्सवर होम प्लेटमागे पंच होते तेच हँक ओडे. या वेळी त्यांची नजर पहिल्या बेसवरच्या धावपटूवर होती. माझ्या मते या कथेतला खरा कलाटणीचा दिवस 4 सप्टेंबर आहे. एव्हर्सने त्या दिवशी सामना गमावला, पण एका पंचाला काय पाहायचं ते शिकवून ठेवलं.

एव्हर्सच्या हातातला चेंडू नक्की तोच होता का?

यावर शंभर वर्षं वाद चालू आहे आणि प्रत्येक साक्षीदाराची हकीकत वेगळी आहे. एवढं मात्र जवळपास सगळेच सांगतात: सेंटर फील्डमधून शिकागोच्या सॉली हॉफमनने चेंडू आत फेकला. न्यूयॉर्कचा जो मॅगिनिटी त्या दिवशी पिचिंग (बेसबॉलमधली गोलंदाजी) करत नव्हता, तर तिसऱ्या बेसपाशी धावपटूंना सूचना देत होता. एव्हर्सचा डाव त्याच्या ध्यानात आला. त्याने चेंडूवर झडप घातली, शिकागोच्या खेळाडूंशी झटापट केली आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. पुढे शिकागोवाल्यांनी तो परत मिळवला की चेंडूंच्या पिशवीतून दुसराच आणला, हे ज्याने त्याने आपापल्या संघाच्या सोयीने सांगितलं. शेवटी एव्हर्स एक चेंडू उंच धरून दुसऱ्या बेसवर उभा होता आणि भोवती माणसांचा समुद्र.

पंचांनी तिथल्या तिथे निर्णय देऊन खेळ पुढे का चालवला नाही?

बेसजवळचे पंच बॉब एम्स्ली ब्रिडवेलचा चेंडू चुकवताना खाली पडले होते. त्यांनी दुसरा बेस पाहिलाच नव्हता. त्यांनी ओडेंना विचारलं आणि ओडेंनी मर्कल आउट असल्याचं सांगितलं. पण तोवर मैदान माणसांनी भरलं होतं, संध्याकाळ उतरत होती आणि दिव्यांची सोय कुठल्याच मोठ्या मैदानावर नव्हती. खेळ पुन्हा सुरू करणं अशक्य होतं. बरेच प्रेक्षक आपला संघ जिंकला असं समजूनच घरी गेले.

लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी ओडेंचा निर्णय कायम ठेवला. दोन्ही संघांनी अपील केलं. न्यूयॉर्कला तो सामना जिंकलेला धरून हवा होता. शिकागोचं म्हणणं असं की गर्दी आवरणं ही यजमानांची जबाबदारी, म्हणून सामना आपल्याला बहाल करा. लीगच्या संचालकांनी दोघांचंही मान्य केलं नाही. मोसमाच्या शेवटी गरज पडली तर सामना पुन्हा खेळवायचा, असं ठरलं.

गरज पडली का?

पडली, तीही काठोकाठ. इतर सगळे सामने संपले तेव्हा न्यूयॉर्क 98 विजय, 55 पराभव. शिकागो 98 विजय, 55 पराभव.

म्हणजे न्यूयॉर्कने पेनंट मर्कलमुळेच गमावलं?

आकड्यांत पाहिलं तर तो सामना विजय म्हणून धरला असता तर न्यूयॉर्क 99-55 वर थांबून विजेतं ठरलं असतं, हे खरं. पण हे वाक्य तिथेच थांबवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

मर्कलच्या सामन्यानंतरही न्यूयॉर्कच्या हातात भरपूर सामने होते. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांची गाठ फिलाडेल्फियाशी पडली. फिलाडेल्फियाकडे हॅरी कोव्हेलेस्की नावाचा नवा डावखुरा पिचर होता. त्याने पाच दिवसांत न्यूयॉर्कला तीनदा हरवलं: 29 सप्टेंबर, 1 ऑक्टोबर आणि 3 ऑक्टोबर. पाच दिवसांत तीन सामने एकाच पिचरने टाकणं आज कल्पनेतही बसत नाही. त्यातला एक जरी सामना न्यूयॉर्कने काढला असता, तरी मर्कलचं नाव आज बेसबॉलच्या अभ्यासकांपलीकडे कुणाला माहीत नसतं. 22 सप्टेंबरला गमावलेले दोन सामनेही तक्त्यात तसेच आहेत. त्या दिवसांच्या नावाने कुणाला टोपणनाव मिळालं नाही. मर्कलला मात्र ‘बोनहेड’, म्हणजे ठोंब्या, हे बिरुद आयुष्यभर चिकटलं.

संघाचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ जिभेने अतिशय कडक होते. खेळाडूंना फाडून खाणारा माणूस. त्यांनी मर्कलला एका शब्दानेही दोष दिला नाही. संघात ठेवलं आणि पुढे त्यालाच पहिल्या बेसचा नेहमीचा खेळाडू केलं. मला या माणसाबद्दल जो आदर आहे तो त्याने जिंकलेल्या पेनंटांपेक्षा यासाठी जास्त आहे.

पिट्सबर्गबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्यांचं काय झालं?

पिट्सबर्गकडे होनस वॅगनर होता. 1908 मध्ये .354 सरासरीने, म्हणजे दर हजार संधींमागे 354 यशस्वी फटके मारून, त्याने लीगमध्ये सर्वोत्तम बॅटिंग केली, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या किती पुढे! 4 ऑक्टोबरला शिकागोच्या वेस्ट साइड ग्राउंड्सवर पिट्सबर्गचा शेवटचा सामना शिकागोशीच होता. जिंकले असते तर पहिल्या जागेवर निदान बरोबरी नक्की होती आणि शिकागो शर्यतीतून बाद. 30,000 हून जास्त लोक जमले. शिकागो 5-2 ने जिंकलं आणि पिट्सबर्ग 98-56 वर अडकलं. त्यांच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं.

8 ऑक्टोबरच्या पुन्हा खेळवलेल्या सामन्यात काय घडलं?

पोलो ग्राउंड्सची क्षमता केव्हाच संपली होती. लोक मैदानामागच्या कूगन्स ब्लफ या कड्यावर, कुंपणांवर, उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या खांबांवर चढून बसले होते. त्या खांबांवरून पडून एक माणूस दगावला. सामन्याआधी पंचांना लाच देऊ करण्याचा प्रयत्नही झाला. पंचांनी तो वर कळवला आणि त्या प्रकरणात न्यूयॉर्क संघाच्या डॉक्टरवर मैदानबंदी आली.

न्यूयॉर्ककडून क्रिस्टी मॅथ्यूसन. त्या मोसमात 37 विजय आणि 390 हून जास्त इनिंगची पिचिंग. हात पार थकलेला. शिकागोकडून सुरुवात जॅक फायस्टरने केली, म्हणजे 23 तारखेचा तोच पिचर. पण पहिल्याच इनिंगमध्ये त्याला काढून मॉर्डेकाय ब्राउनला आणावं लागलं. लहानपणी शेतावरच्या यंत्रात ब्राउनची तर्जनी तुटली होती. उरलेल्या बोटांतून सुटणारा त्याचा चेंडू विचित्र वळायचा. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांची घोषणाबाजी सहन करत त्याने सामना शेवटपर्यंत नेला.

तिसऱ्या इनिंगमध्ये जो टिंकरने मॅथ्यूसनला सेंटर फील्डच्या डोक्यावरून तीन बेसचा फटका मारला आणि शिकागोने चार धावा केल्या. 23 सप्टेंबरला शिकागोची एकमेव धाव आली होती तीही टिंकरच्याच होम रनमधून. ती होम रनसुद्धा कुंपणाबाहेर गेलेली नव्हती. मैदानातच चेंडू लांब गेला आणि टिंकर चारही बेस पळाला. निकाल 4-2, शिकागो विजेतं.

सगळे निकाल 1-0, 2-1 असेच का? बॅटर कमजोर होते का?

नाही. चेंडूच मेलेला असे. एकच चेंडू कितीतरी वेळ वापरायचे. मळून, थुंकी आणि तंबाखूचा रस लागून तो काळा नि मऊ व्हायचा. चेंडूला थुंकी लावून टाकणं कायदेशीर होतं, बंदी 1920 मध्ये आली. 1908 मध्ये दोन्ही लीगची एकूण बॅटिंग सरासरी .239 होती. नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले ब्रुकलिनच्या टिम जॉर्डनने, मोसमभरात 12. अमेरिकन लीगमध्ये सॅम क्रॉफर्ड 7 वर पहिला आला. अशा काळात एका धावेची किंमत फार मोठी, आणि म्हणून एका बेसला न लागलेल्या पायाचीही.

रेडिओ नव्हता. मग लोकांना निकाल कसे कळायचे?

मैदानातून तारेने बातमी जायची. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर मोठे फलक लावलेले असत. त्यावर इनिंगमागून इनिंग धावा लिहिल्या जात आणि खाली रस्ता अडवून गर्दी उभी. रेडिओवर बेसबॉलच्या मोठ्या लीगचं पहिलं धावतं वर्णन ऐकू यायला 1921 साल उजाडलं.

त्याच वेळी दुसऱ्या लीगमध्ये काय चाललं होतं?

तिकडेही तिघांची झुंज: डेट्रॉइट, क्लीव्हलँड आणि शिकागोचाच दुसरा संघ, व्हाइट सॉक्स. 2 ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये जो सामना झाला तो मला टाइम मशीन मिळालं तर सर्वांत आधी पाहायचा आहे. व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने 15 बॅटर स्ट्राइक आउट केले, म्हणजे त्यांना चेंडू मारूच न देता बाद केलं. त्या मोसमात त्याचे 40 विजय होते. आणि तरी तो हरला, कारण समोर अ‍ॅडी जॉस होता. जॉसने 27 बॅटरपैकी एकालाही पहिल्या बेसवर पाऊल ठेवू दिलं नाही. बेसबॉलमध्ये याला परफेक्ट गेम म्हणतात. क्लीव्हलँडची एकमेव धाव कॅचरच्या, म्हणजे होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, हातून निसटलेल्या चेंडूवर आली. 1-0. पेनंटच्या ऐन शर्यतीत, दोन्ही बाजूंनी अशी पिचिंग! जॉस 1911 मध्ये अवघ्या 31 व्या वर्षी मेंदूच्या क्षयाने गेला.

एवढं करूनही क्लीव्हलँड विजेतं झालं नाही. डेट्रॉइट 90-63, क्लीव्हलँड 90-64. पावसात वाहून गेलेला डेट्रॉइटचा एक सामना पुन्हा खेळवला गेलाच नाही. तेव्हा तशी सक्ती नव्हती. या अर्ध्या सामन्याच्या फरकानंतर नियम झाला की पेनंटवर परिणाम होणार असेल तर राहिलेला सामना खेळावाच लागेल.

वर्ल्ड सीरीज कोण जिंकलं?

शिकागो कब्जने डेट्रॉइटला 4-1 असं हरवलं. 14 ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्याला फक्त 6,210 प्रेक्षक होते. वर्ल्ड सीरीजच्या इतिहासातली ती सर्वांत कमी उपस्थिती. कब्जला पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट 2016 मध्ये.

पुलियम यांच्याबद्दल बरंच उलटसुलट वाचायला मिळतं. खरं काय?

खरं एवढंच की त्या निर्णयानंतर त्यांच्यावर न्यूयॉर्कमधून प्रचंड टीका झाली, 1909 च्या सुरुवातीला प्रकृती ढासळल्याने त्यांनी रजा घेतली आणि जुलै 1909 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मर्कलच्या सामन्यामुळेच हे झालं असं ठामपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. एखाद्या माणसाच्या मनातला अंधार एका सामन्याच्या निकालात बसवून दाखवणं त्याच्यावर आणखी एक अन्याय आहे.

मर्कलचं पुढे काय झालं?

तो उत्तम खेळाडू झाला. 1911, 1912 आणि 1913 अशी सलग तीन वर्षं न्यूयॉर्कने पेनंट जिंकलं, तेव्हा तो संघात होता. पुढे 1916 मध्ये ब्रुकलिनबरोबर आणि 1918 मध्ये चक्क शिकागो कब्जबरोबर त्याने पेनंट जिंकलं. पाच वेळा वर्ल्ड सीरीजपर्यंत गेला, पाचही वेळा संघ हरला. 1912 च्या निर्णायक सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये न्यूयॉर्कला आघाडी देणारा फटका त्याचाच होता. त्यानंतरच्या अर्ध्या इनिंगमध्ये ती आघाडी गेली.

निवृत्तीनंतर तो फ्लोरिडात राहिला आणि बरीच वर्षं बेसबॉलपासून लांबच होता. 1950 मध्ये जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी तो पोलो ग्राउंड्सवर परत आला. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा प्रेक्षकांनी त्याचं टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केलं. 1956 मध्ये तो वारला.

ती जागा आज पाहता येते का?

मैदान नाही. जायंट्स 1958 पासून सॅन फ्रान्सिस्कोत खेळू लागले, पोलो ग्राउंड्स 1964 मध्ये पाडलं गेलं आणि मॅनहॅटनच्या उत्तरेला, 155 व्या रस्त्याजवळ, तिथे आता उंच निवासी इमारती आहेत. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी मित्रांनी मेट्रोने 155 व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरावं. कूगन्स ब्लफचा कडा अजून तसाच आहे. त्यावर उभं राहून खाली पाहिलं की इमारतींच्या मधोमध कुठेतरी तो दुसरा बेस होता.